उंदीरमारीखाली जपानी सहल

मला दोघांनी फसवलं. अंबाडी नाक्यावरच्या रोपवाल्याने उंदीरमारीची रोपं जपानी चेरी म्हणून माझ्या गळ्यात मारली, आणि माझ्या मुलीने दोन वर्षांचा शब्द देऊन चार वर्षं केली. रोपवाल्याला मी सोडून दिलं आहे. मुलीला सोडलेलं नाही.

काल सकाळी अंबाडीला माझ्या जागेवर गेलो. फाटक उघडलं आणि तिथेच थांबलो, कारण झाडं परत फुलली होती. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. डोंगर वाळून तपकिरी झालेला, गवत कापून नेलेलं, भिवंडी-वाडा रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची धूळ कुंपणावर बसलेली. आणि मधोमध ही अकरा झाडं. अंगावर एक पान नाही. बुंध्याजवळच्या फांदीपासून पार शेंड्यापर्यंत फिकट गुलाबी. मधमाश्यांचा आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे लूम चालू असावेत. खाली पाकळ्यांचा थर, आणि त्यावरून शेजारची कोंबडी आपल्या बापाची जागा असल्यासारखी फिरत होती. मी तिला हाकललं. मग माझ्याच लक्षात आलं की मी चपला काढून उभा आहे.

फुललेली झाडं बघितली की मुलीवरचा राग वर येतो, आणि राग आला की माझं असं होतं. कुठे काढायचा ते कळत नाही.

मी भिवंडीजवळच्या कोन गावचा. बाप भात लावायचा. मी तेराव्या वर्षी भिवंडीत लूमवर चढवायचे सुताचे जड बीम उचलायला गेलो, आणि शेताकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. आज मी जुने लूम, कापडाचे यंत्रमाग, विकत घेतो. कारखान्यात नवं मशीन आत जातं, जुना लूम बाहेर येतो, आणि दारात मी उभा असतो. भाव करण्यात मला हरवणारा माणूस खाडीच्या अलीकडे नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, पण कोणी म्हटलं तर अडवतही नाही. अंबाडीची जागा मी स्वतःच्या जिवावर घेतली. गोदामासाठी मागणी आली होती. दिली नाही. का दिली नाही, ते सांगायलाच हा लेख.

माझी एकुलती एक मुलगी मयूरी. नर्सिंग झाल्यावर ती शहरातल्या एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत जपानी शिकायला जाऊ लागली. मला वाटलं, हौस असेल. लोक गिटार शिकतात, ही जपानी शिकते. मग एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला जपानला जायचंय. तिकडे म्हातारी माणसं खूप आहेत, बघायला माणसं नाहीत."

"कोनला म्हातारी माणसं कमी आहेत?" मी म्हणालो. "तुझा बाप काय पोरगा राहणार आहे?"

"तुमी म्हातारं व्हायच्या आदी कोनाशी तरी भांडून जाल," माझी बायको सुरेखा भाकरी थापता थापता म्हणाली. ती कशेळीची. खाडीकाठच्या माणसांना भरती-ओहोटीची सवय असते, माझ्या रागाकडेही ती तशीच बघते.

मी ताट सरकवलं. आरडाओरडा केला. मयूरीने तो संपेपर्यंत वालाचं बिरडं शांतपणे खाल्लं. मग तिने क्लासमध्ये मिळालेलं एक कॅलेंडर माझ्यासमोर धरलं. नदीकाठी ओळीने झाडं, झाडांवर नुसती फुलं, खाली चटया टाकून माणसं डबे उघडून बसलेली. "साकुरा," ती म्हणाली. "म्हणजे चेरीची फुलं. ही फुलली की सगळा देश झाडाखाली जाऊन जेवतो. मला हे एकदा बघायचंय, बाबा."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक एकदा काय हवंय ते बोललं की ते सापडलं. मी ताट परत ओढून घेतलं.

"एवढंच ना? झाडं मी इथे लावतो. फुलली तर तू जायचं नाही."

मयूरीने माझ्याकडे पाहिलं. माझेच डोळे आहेत तिचे, म्हणून मला कळायला हवं होतं. "किती वर्षांत फुलली पाहिजेत?" तिने विचारलं. मी पाच म्हणालो. ती एक म्हणाली. तिचा नर्सिंगचा अनुभव आणि भाषेच्या परीक्षा होईपर्यंत, म्हणजे दोन, यावर आम्ही उतरलो. आणि साकुरा आहे की नाही हे ठरवणार ओकामोतो सान.

ओकामोतो सान, आपल्याकडे ओकामोतोराव म्हटलं असतं, हे नवे लूम बसवायला जपानहून आलेले साठीतले इंजिनिअर. ते कारखान्यात मशीन लावायचे, मी त्याच कारखान्यातून जुनं उचलायचो, म्हणून आमची तोंडओळख होती. दर रविवारी ते मयूरीच्या क्लासला जाऊन मुलांशी जपानी बोलायचे आणि बदल्यात हिंदी-मराठी शिकायचे. पण त्यांचं खरं हिंदी लूमच्या फिटरांकडून आलेलं. 'चालू करो', 'बंद करो', 'तेल डालो', 'थोडा ढीला'. एवढ्यावर त्या माणसाने भिवंडीत चार वर्षं काढली, आणि कोणाचं अडलं नाही.

नंतर मला कळलं की क्लासच्या पाटणकर मॅडमनी मयूरीला आधीच सांगितलं होतं, चेरीला थंडी लागते, बर्फ लागतो, भिवंडीत ती जगणारसुद्धा नाही. म्हणजे पोरीने हरणारा घोडा बघून पैज लावली होती. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

अंबाडी नाक्याच्या पुढे एक रोपवाला बसतो. त्याला विचारलं, "जपानी चेरी आहे का?"

तो आंब्याच्या कलमांना पाणी मारत होता. त्याने पाइप खाली ठेवला नाही. "फूल कसं पायजे?"

"गुलाबी. पान नको, नुसतं फूल. झाड भरून."

"हाय की."

त्याने सांगितलेला भाव मी निम्म्यावर आणला, मग त्याच्या निम्म्यावर. तो रडवेला झाला तेव्हा मला बरं वाटलं. मागच्या बाजूला जाऊन त्याने काळ्या पिशव्यांतली बारा रोपं आणून दिली. आषाढातल्या एका ओल्या सकाळी मी ती स्वतःच्या हाताने लावली. चाळीस वर्षांनी माझी नखं मातीने भरली होती. एक रोप बकरीने खाल्लं. अकरा उरली.

त्यानंतरचं ते दीड वर्ष मला अजून आठवतं ते पानांच्या आवाजाने. दर चार दिवसांनी जायचो आणि उंची मोजायचो. पहिल्या थंडीत नुसती पानं. मयूरी जपानीचं पुस्तक माझ्यासमोर मोठ्याने वाचू लागली. मीही त्यातला एक शब्द उचलला, 'ताकाई', म्हणजे महाग. मला तेवढाच पुरेसा होता. दुसऱ्या पावसात झाडं माझ्या डोक्यावर गेली. आणि दुसऱ्या थंडीत, महाशिवरात्रीच्या जरा आधी, पानं गळू लागली. मला वाटलं मेली. मी सुरेखाला म्हणालो, "पोरगी गेली हातची." तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

आठ दिवसांनी गेलो, तर फांदीला गाठीगाठींवर कळ्या.

मी मोटरसायकल कशी चालवली मला माहीत नाही. घरी येऊन मयूरीला म्हणालो, "तुझ्या क्लासला सांग. रविवारी सहल. सगळ्यांना जेवण माझ्याकडून." ती माझ्याबरोबर झाडं बघायला आली आणि पहिल्यांदा तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. तिने एका फांदीला हात लावला. फुलं कॅलेंडरसारखीच होती, निदान फाटकापासून. जवळून मला ती जराशी वालाच्या फुलासारखी वाटली, पण मी स्वतःला सांगितलं, जपानी माणूस जेवणाचा विचार करून झाड करत असेल.

रविवारी मी साडेसहाला पोचलो तर आत कोणीतरी आधीच होतं. ओकामोतो सान. झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून, मधोमध बूट काढून ताठ बसलेले. रिक्षा करून आले होते. मी हातांनीच विचारलं, एवढ्या लवकर? त्यांनी ताडपत्री थोपटली, "जगह," म्हणाले. नंतर मयूरीकडून कळलं की त्यांच्याकडे फुलांच्या दिवसांत इतकी गर्दी असते की ऑफिसातला सगळ्यात नवा माणूस पहाटे जाऊन जागा धरतो आणि बाकीचे येईपर्यंत ती राखत बसतो. माझी स्वतःची जागा, भोवती माझं कुंपण, मैलभर माणूस नाही, आणि हा साठीचा मुख्य इंजिनिअर भिवंडीतला सगळ्यात नवा माणूस बनून माझ्या जमिनीवर माझ्यासाठी जागा धरून बसला होता.

मी बूट काढले आणि बाजूला बसलो. आम्हा दोघांकडे मिळून पंधरा शब्द असतील. त्यांनी थर्मासमधला हिरवा चहा दिला, कडू. मी डब्यातला दिला, गोड. दोघांनीही तोंड वाकडं केलं नाही. ऊन डोंगरावरून खाली आलं आणि गुलाबी रंग एकदम पेटला. थोड्या वेळाने त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. खाटेवर बसलेली एक वाळकी म्हातारी. "ओकासान," ते म्हणाले, मग छातीवर हात ठेवला. आई. शेजारी पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी चमचा धरून उभी. ती मुलगी जपानी नव्हती. सावळी, आपल्यासारखी किंवा आपल्या पलीकडच्या कुठल्या देशातली. म्हातारीने तोंड उघडलं होतं आणि मुलीनेही, लहान मुलाला भरवताना आपण उघडतो तसं.

मी फोटो परत दिला. मग उगाच फांदीकडे बघत बसलो. फोटो बघितला नसता तर बरं झालं असतं असं त्या वेळी वाटलं.

नऊ वाजता सगळे आले. पाटणकर मॅडम, मयूरी, तिच्याबरोबर नर्सिंग झालेली शबाना, लूमवर नोकरी करून क्लास करणारे दोघं-तिघं. सुरेखाने तांदळाच्या भाकऱ्या, बिरडं आणि सुकटीची चटणी आणली होती. चटणीवर मी भडकलो होतो, परदेशी पाहुण्यासमोर हा वास! पण डबा उघडला आणि ओकामोतो सान गुडघ्यांवर पुढे सरकले. त्यांनी चटणी हुंगली, डोळे मिटले, आणि हात वर करून हुकूम दिला, "चालू करो!"

त्यांनी स्वतः बनवलेले भाताचे गोळे आणले होते, काळ्या शेवाळाच्या पानात गुंडाळलेले. सुरेखाने एक खाल्ला आणि माझ्या कानात म्हणाली, "भात हाय. पन मिठाला हात आखडलाय." मग तिने सुकटीची चटणी गोळ्यात भरली आणि त्यांना परत दिला. ते उभे राहून वाकले. तीही वाकली. असं तीन-चार वेळा झालं, कोणी थांबेना.

जेवताना नियम असा की जपानी माणसाने मराठी बोलायचं आणि आपल्यांनी जपानी. मी म्हणालो, मी खेळणार नाही. शबाना म्हणाली, "अंकल, एक शब्द तो आता है आपको. वही बोलो." मी झाडाकडे बोट दाखवून, मिशीवर ताव देत म्हणालो, "ताकाई!" सगळे हसले. पण ओकामोतो सान मान डोलावून म्हणाले, "हो. खूप महाग झाड." तेव्हा मी सुरेखाकडे असं पाहिलं की ती दुसरीकडे बघू लागली. जिंकलो होतो मी. मयूरी भाकरीचा एकच तुकडा कधीची हातात धरून बसली होती.

मग ओकामोतो सान यांनी चहा ओतला आणि वरच्या फांदीचं एक फूल तोडून कपात सोडलं. त्यांच्याकडे आनंदाच्या दिवशी म्हणे चहात साकुराचं फूल टाकून पितात. सगळ्यांनी जेवण थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कप दोन्ही हातांनी वर उचलला.

"अर्रर्र! न्हाय न्हाय! टाक ते! टाक आदी!"

कुंपणापाशी सोमीबाय उभी होती. वरच्या पाड्यावरची म्हातारी, माझ्या जागेतलं गवत तीच कापते. डोक्यावरचा भारा टाकून ती ताडपत्रीवर अनवाणी पळत आली आणि तिने कपच त्यांच्या हातातून काढून घेतला. "उंदीरमारी हाय ती! उंदीर मरतात तिच्यान. पावण्याला मारतोस काय रे शेठ?"

"सोमीबाय, ती जपानी चेरी आहे," मी म्हणालो.

"कसली चेरी न् फेरी!" तिने एक फांदी खाली ओढली, मोडली, तिची साल माझ्या नाकाखाली धरली. "बांधाबांधाव हाय ही. आखाडात हिचा पाला चिखलात तुडवतो न् आम्ही. काठी खोचली का झाड व्हतं. तू शेतकऱ्याचा पोर ना? तुला उंदीरमारी ठाव न्हाय?"

खरं सांगतो, मला पाला ओळखीचा वाटला असता, चिखलात तुडवलेला कोणी समोर धरला असता तर. माझा बाप तुडवत असणार. पण आम्ही भातवाली माणसं. कापणी झाली की बांधावर कशाला जातो? ते झाड फेब्रुवारीत एवढं फुलतं हे बघायला आमच्या घरातलं कोणी तिथे कधी थांबलेलंच नव्हतं.

आधी शबाना हसली. मग मॅडम. मग सुरेखा, तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. मी लाल झालो. फक्त मयूरी हसली नाही. तिने ओकामोतो सान यांना जपानीत काहीतरी विचारलं, हळू. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. करार त्यांना माहीत होता, आणि झाड साकुरा नाही हेही पहाटेच कळलं असणार. एका शब्दावर त्या माणसाने दोन घरं, माझं आणि त्या फोटोतलं, तोलून धरली होती. शेवटी ते माझ्याकडे वळून वाकले.

"साकुरा नाही," ते म्हणाले. मग ताडपत्रीकडे हात करून, "लेकिन पिकनिक, चालू करो."

लोक परत जेवायला लागले. सोमीबायला सुरेखाने ताटावर बसवलं. मी उठून शेवटच्या झाडाखाली गेलो. मयूरी मागून आली.

"करार झाडाचा होता, बाबा."

"फुलली ना झाडं? गुलाबी आहेत ना? अर्धा माल तर दिला मी."

"मग अर्धं बोला."

माझा बाप बैलांच्या बाजारात रुमालाखाली भाव करायचा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही आणि कोणाची लाज जात नाही. मी खिशातला रुमाल काढून तिच्या हातावर टाकला. ती लहान असताना आम्ही चॉकलेटसाठी असंच करायचो. तिने तिथे किती वर्षं राहायचं, हा सौदा. तिने चार बोटं दाबली. मी एक दाबलं. तिने तीन दाबली. मी परत एकच दाबलं, आणि मला तो चमचा धरलेला फोटो आठवला, आणि माझं बोट ढिलं पडलं. तिने दोन दाबली. वर पाकळ्या पडत होत्या, रुमालावर दोन-चार येऊन बसल्या. मी हात काढला नाही. म्हणजे सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी रोपवाल्याकडे गेलो ते त्याचा पाइप ओढून घ्यायलाच. तो म्हणाला, "शेठ, तुमी गुलाबी मागितली, गुलाबी आली. झाड भरून मागितली, झाड भरून आली. आनि तुमी ज्या भावात मागितली, त्या भावात हीच येते." पाइप मी त्याच्याकडेच राहू दिला. येताना मी त्याच्याकडून पूर्ण भावात आंब्याची दोन कलमं घेऊन आलो.

मयूरी त्याच जूनमध्ये गेली. क्लासची सहल मात्र दर वर्षी माझ्याकडेच होते. झाडं तोडून टाका असं कोणी सुचवलं की मी त्याच्या अंगावर जातो. ओकामोतो सान मागच्या पावसात परत गेले, जाताना निळी ताडपत्री मला देऊन. या रविवारी ती मीच साडेसहाला अंथरणार आहे. नव्या मुलांना माहीत नाही, पण मोक्याची जागा कोणालातरी धरावी लागते.

काल तिथूनच तिला व्हिडिओ कॉल लावला. झाडं दाखवली. ती ड्युटीवर होती, मागे एक म्हातारे आजोबा माझ्याकडे बघून हात हलवत होते. मीही हलवला. मग ती म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. जूनपासून अजून दोन वर्षांसाठी सही केलीय."

मी ओरडलो. कोंबडी पळाली. "रुमालाखाली दोन बोटं दाबली होतीस तू!"

"हो. पण दोनदा दाबली होती. दोन आणि दोन."

"दोनदा नव्हती दाबलीस!"

"रुमाल होता ना वर," ती म्हणाली. "साक्षीदार आणा."

मला हसू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी कॅमेरा झाडांकडे वळवला. एकेक झाड दाखवत पुढे गेलो. मग ती म्हणाली की मागच्या वर्षी तिने खरी साकुरा बघितली. नदीकाठी, कॅलेंडरमध्ये होती तशीच. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि सगळी वाहून गेली. चटईवर शेजारी कोणी ओळखीचं नव्हतं. "आपलीच बरी, बाबा," ती म्हणाली. "महिनाभर टिकते. आणि सुकट असते." मी पुढे काही विचारणार, तोवर तिला आजोबांनी हाक मारली आणि फोन बंद झाला.

काही विचारायला गेलं की फोनवर ती हेच करते, म्हणून मी हे छापायला देतो आहे. अंक आला की तिला पाठवीन. मयूरी, तुला पाहिजे ते झाड तू बघितलंस, त्याच्या खाली बसलीस, आणि तुझ्याच तोंडाने सांगितलंस की आपलं बरं. मग तू तिथे काय करतेस? हे मला समोर बसून सांगायचं. फोनवर घेणार नाही.